पाच पदे, पाच पत्रे

पाठ टाचणाची ती वही मी अजून जपून ठेवली आहे. अध्यापक विद्यालयातले माझे वर्ष १९८३चे, म्हणजे वहीला चाळीस वर्षे होऊन गेली; पाने पिवळी पडली आहेत, पण पट्टीने आखलेले रकाने अजून सरळ आहेत. प्रत्येक पाठाच्या डोक्यावर इयत्ता, तुकडी, पट, विषय, घटक आणि वेळ, आणि खाली डाव्या रकान्यात वरून खाली तीच पाच नावे: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन. या पाचांना आम्ही ‘हर्बार्टची पंचपदी’ म्हणत असू. महाराष्ट्रात ज्यांनी शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आहे, त्यांतल्या बहुतेकांच्या कानावर हे दोन शब्द कधी ना कधी पडलेले असतात. हा हर्बार्ट कोण, कुठला, त्याने कोणाला शिकवले, हे मात्र आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. परीक्षेत चार गुणांचा प्रश्न असे आणि पाच नावे ओळीने लिहिली की चार गुण मिळत.

पंचपदी हा शब्द ज्याला प्रथम सुचला त्याच्या घरात भजन असले पाहिजे असे मला नेहमी वाटत आले आहे. आमच्या गावच्या देवळात संध्याकाळी पंचपदी होई. अभंगांचा क्रम ठरलेला असे, पण बुवा कोणत्या चरणावर किती वेळ रेंगाळतील हे कधीच ठरलेले नसे. एखाद्या दिवशी पहिल्याच अभंगात त्यांचा जीव असा रमे की टाळकऱ्यांचे हात भरून येत. टाचणवहीतल्या पंचपदीला ही मोकळीक नव्हती. तिथे प्रस्तावनेला पाच मिनिटे आणि हेतुकथनाला एक मिनिट असा हिशेब होता.

या हिशेबात माझा एक सराव पाठ चुकला. इयत्ता पाचवी, विषय सामान्य विज्ञान, घटक जलचक्र. प्रस्तावनेचे चार प्रश्न मी पाठ करून गेलो होतो. ओले कपडे वाळत घातल्यावर त्यातले पाणी कुठे जाते, हा दुसरा प्रश्न विचारला आणि तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, आमची विहीर आटली, ते पाणीपण ढगात गेलं का?” टाचणात या प्रश्नाला जागा नव्हती. पण वर्ग एकदम जागा झाला. कोणाच्या विहिरीला किती परस पाणी आहे, कोणाच्या शेजाऱ्याने उसासाठी नवी मोटार बसवली आहे, खडकाखालचे झरे कुठून येतात, असे दहा-बारा मिनिटे बोलणे चालले, आणि त्या बोलण्यातूनच, जमिनीत मुरणारे पाणी हाही जलचक्राचाच भाग आहे हे मुलांनी स्वतः शोधून काढले. हेतुकथन राहून गेले. उपयोजनाच्या आधीच घंटा झाली. मागच्या बाकावर बसलेल्या मार्गदर्शकांनी वहीवर तांबड्या शाईने लिहिले: ‘पदे पूर्ण नाहीत. हेतुकथन नाही. वेळेचे नियोजन सुधारा.’ त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते. मी पुढचे सगळे पाठ नीट वेळेत संपवले, आणि नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत वर्गातून असा प्रश्न आला की ‘ते नंतर पाहू’ असे म्हणायची सवय लावून घेतली.

निवृत्तीनंतर हातात वेळ आला तेव्हा योहान फ्रीडरिश हर्बार्ट या माणसाचे चरित्र वाचायला घेतले. इतकी वर्षे ज्यांचे नाव आपण रकान्याच्या डोक्यावर लिहिले त्यांना एकदा भेटावे, एवढाच हेतू होता. वाचताना पहिली गोष्ट कळली ती ही, की आम्ही शिकलो ती पाच पदे हर्बार्ट यांनी लिहिलेलीच नाहीत. त्यांच्या ग्रंथात चार अवस्था आहेत, आणि त्या वर्गातल्या तासाच्या नाहीत, मनाच्या आहेत. पाच कशा झाल्या ते पुढे सांगतो. आधी माणूस.

हर्बार्ट यांचा जन्म ४ मे १७७६ रोजी उत्तर जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग या गावी झाला. आजोबा तिथल्या लॅटिन शाळेचे मुख्याध्यापक होते, वडील सरकारी न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. घरातले खरे बळ आईचे होते. मुलगा एकुलता आणि प्रकृतीने नाजूक, म्हणून बाराव्या वर्षापर्यंत तो घरीच शिकला. आई त्याच्या शिकवणीला शेजारी बसत असे, आणि त्याला मदत करता यावी म्हणून ती स्वतः ग्रीक शिकली. ज्या काळात विद्यापीठाचे दार बायकांना उघडे नव्हते, त्या काळात एक आई मुलाच्या धड्यासाठी होमरची भाषा शिकते, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो होतो. मुलाच्या बरोबरीने शिकल्याशिवाय त्याला शिकवता येत नाही, ही गोष्ट हर्बार्ट यांनी पुढे तत्त्वज्ञानातून सिद्ध केली असेल, पण ती पाहिली होती घरातल्या जेवणाच्या टेबलाशी.

अठराव्या वर्षी, १७९४ साली, ते येना विद्यापीठात गेले. त्याच वर्षी तिथे फिख्टे हे तत्त्वज्ञ प्राध्यापक म्हणून आले होते आणि तरुण मुले त्यांच्या व्याख्यानांनी भारून गेली होती. हर्बार्टही भारले गेले, पण लवकरच त्यांना शंका येऊ लागल्या. माणसाची इच्छाशक्ती जर कशानेही न घडणारी, स्वयंभू आणि सर्वथा स्वतंत्र असेल, तर शिक्षकाने काय करायचे? मग शिकवण्याला अर्थच उरत नाही. मूल घडू शकते, ही ज्याची श्रद्धा नाही त्याने वर्गात पाऊल ठेवू नये, असा या शंकेचा रोख आहे. घडण्याची ही क्षमता पुढे त्यांच्या शिक्षणशास्त्राची पहिली संकल्पना झाली. विद्यापीठातला एक विद्यार्थी गुरूच्या तत्त्वज्ञानाची कसोटी एका अद्याप न भेटलेल्या मुलावर लावून पाहतो, यातच पुढचा शिक्षक मला दिसतो.

ती मुले त्यांना १७९७ साली भेटली. स्वित्झर्लंडमधल्या बर्न राज्याचे इंटरलाकेन येथील प्रशासक फॉन स्टायगर यांच्या घरी हर्बार्ट खासगी शिक्षक म्हणून गेले. तीन मुलगे होते: लुडविग १४ वर्षांचा, कार्ल १० वर्षांचा आणि रुडोल्फ ८ वर्षांचा. शिक्षकाचे स्वतःचे वय २१. वडिलांनी एक अट घातली होती, की दर दोन महिन्यांनी मुलांच्या प्रगतीचा लेखी अहवाल द्यायचा. दुसऱ्या कोणी या अटीत कटकट पाहिली असती. हर्बार्ट यांनी ती अशी पाळली की त्या अहवालांतून त्यांचे सगळे पुढचे आयुष्य उगवले. त्यांतली आज पाच पत्रे उरली आहेत.

या पाच पत्रांवर थांबायला हवे, कारण हर्बार्ट यांच्या सगळ्या ग्रंथांपेक्षा शिक्षक म्हणून मला ती जवळची वाटतात. अहवाल म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रगतिपुस्तक येते: विषय, गुण, श्रेणी, शेरा. या पत्रांत तिन्ही मुलांचा विचार वेगवेगळा आहे. चौदा वर्षांच्या मुलाशी वागण्याची रीत आठ वर्षांच्या मुलाला लागू पडत नाही हे तर कोणीही सांगेल. पण कोणत्या मुलाचे मन कशाने हलते, कशाने हलत नाही, आणि जे हलत नाही त्याला जबरदस्तीने ढकलायचे की दुसऱ्या वाटेने जायचे, याचा असा प्रामाणिक विचार नोकरीत नव्याने लागलेला एक तरुण आपल्या मालकाला लिहून कळवतो, स्वतःच्या अडचणी न लपवता कळवतो, हे दुर्मीळ आहे. ज्या घरात भाकरी मिळते त्या घरच्या मुलाबद्दल खरे लिहायला धैर्य लागते. मी चौतीस वर्षांत हजारो प्रगतिपुस्तके भरली. ‘प्रगती समाधानकारक’ हे शब्द माझ्या हाताने किती वेळा लिहिले गेले असतील याची गणती नाही.

मुलांना ग्रीक शिकवताना त्यांनी व्याकरणापासून सुरुवात न करता होमरच्या ‘ओडिसी’पासून केली. त्यांचे म्हणणे असे, की आठ-दहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसांनी मुलांसाठी मुद्दाम लिहिलेल्या गोड गोष्टी नको असतात. त्याला खरी माणसे हवी असतात, समुद्र, वादळ, राक्षस, फसवणूक आणि घरी परतण्याची तळमळ हवी असते. मुलांसाठी म्हणून साहित्य पातळ करू नये, हा विचार त्यांनी पुढे ग्रंथातही मांडला. १७९८च्या मार्चमध्ये फ्रेंच फौजा बर्नमध्ये शिरल्या, जुने राज्य कोसळले आणि स्टायगर यांचा अधिकार गेला. बाहेर एक जग मोडत असताना घरात धडे चालू राहिले. हर्बार्ट १८०० सालापर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे, या मुलांबरोबर होते.

याच काळात, १७९९ साली, ते बुर्गडॉर्फला जाऊन पेस्टालॉझी या स्विस शिक्षणतज्ज्ञांना भेटले. त्या भेटीचे वर्णन त्यांनी लिहून ठेवले आहे. संध्याकाळची अवेळ होती. पाच ते आठ वर्षांची डझनभर मुले पाहुण्यासाठी म्हणून शाळेत बोलावली गेली. हर्बार्ट यांना वाटले, मुले कंटाळून, रुसून येतील. पण ती खुशीने आली आणि शेवटपर्यंत कामात गुंतलेली राहिली. पेस्टालॉझींची चित्रे, रेषा, एकसुरात म्हटलेले शब्द यांपेक्षा ही गोष्ट त्यांच्या मनात अधिक रुतली: मुलांचे लक्ष धाकाने बांधलेले नव्हते. पुढे त्यांनी पेस्टालॉझींच्या पुस्तकावर लेख लिहिला तो ब्रेमेनमधल्या तीन स्त्रियांना उद्देशून. विद्वानांच्या नियतकालिकासाठी लिहावे तितक्या गांभीर्याने त्यांनी घरातल्या बायकांना लिहिले. ज्याची आई त्याच्यासाठी ग्रीक शिकली, त्या मुलाला यात आपण काही वेगळे करतो आहोत असे वाटलेही नसेल.

१८०२ साली ते ग्योटिंगेन विद्यापीठात शिकवू लागले आणि शिक्षणशास्त्रावरच्या पहिल्याच व्याख्यानांत त्यांनी जे सांगितले, ते मी माझ्या प्रशिक्षणाच्या वर्षात ऐकले असते तर बरे झाले असते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. सिद्धांत सर्वसामान्य असतो, प्रसंग मात्र नेहमी एकटा आणि वेगळा असतो. वर्गात उभे असताना सिद्धांताची पाने उलटायला वेळ नसतो. म्हणून सिद्धांत आणि कृती यांच्या मध्ये, शिक्षकाची इच्छा असो वा नसो, एक तिसरी गोष्ट येऊन उभी राहते: चटकन पारखण्याची आणि ठरवण्याची एक जाण. जर्मन शब्द ‘टाक्ट’. मराठीत तारतम्य म्हणावे, की भान म्हणावे, की आपल्या आजीच्या बोलीत ‘उमज’ म्हणावे? मला तारतम्य हा शब्द पटतो, कारण त्यात दोन गोष्टींमधली तुलना आहे आणि प्रसंगाची किंमत ओळखणेही आहे. हे तारतम्य जन्मजात नसते आणि नुसत्या अनुभवानेही येत नाही, कारण नुसता अनुभवी शिक्षक आपल्या जुन्याच चुका अधिक सफाईने करू लागतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. सिद्धांताचा अभ्यास शिक्षकाचे मन आधीच तयार करतो. मग प्रत्यक्ष क्षण आला की ते मन योग्य दिशेला वळते. सिद्धांताचे काम इतकेच, आणि हे काम फार मोठे आहे.

शिक्षणाच्या हेतूपासून काढलेले ‘सामान्य शिक्षणशास्त्र’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ १८०६ साली आला, म्हणजे येनाच्या रणांगणावर नेपोलियनने प्रशियाचा धुव्वा उडवला त्याच वर्षी. ग्रंथाकडे त्या धामधुमीत फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. यातच त्या चार अवस्था आहेत: स्पष्टता, साहचर्य, व्यवस्था आणि पद्धती. शब्द कोरडे आहेत, त्यांच्या मागचा विचार कोरडा नाही. मन एखाद्या गोष्टीत बुडते आणि मग वर येऊन भोवताली पाहते. बुडणे म्हणजे त्या एका गोष्टीशिवाय दुसरे काही न दिसणे. वर येणे म्हणजे जे दिसले ते आपल्या बाकीच्या जाणिवेत नीट मांडून ठेवणे. आधी एकच वस्तू स्वच्छ दिसते, मग एकीवरून दुसरी आठवते, मग सगळ्यांची आपापली जागा लागते, आणि शेवटी त्या मांडणीतून मन आपणहून पुढे चालू लागते. विहिरीत बुडी मारून तळाची माती हातात घेऊन वर येणाऱ्या पोरांचे चित्र मला हे वाचताना दिसत राहिले. माती वर आणून काठावर दाखवली नाही तर बुडी वाया, आणि बुडीच मारली नाही तर दाखवायला काही नाही. या दोन हालचाली आलटून पालटून चालतात, आणि त्यांना किती वेळ लागेल हे मुलावर आणि विषयावर अवलंबून आहे. पस्तीस मिनिटांच्या तासाशी त्यांचा संबंध हर्बार्ट यांनी जोडलेला नाही.

याच ग्रंथात कंटाळवाणे असणे हे अध्यापनाचे सर्वांत मोठे पाप आहे असे वाक्य आहे. शिक्षणाने मुलात अनेक दिशांनी रस निर्माण व्हावा, हे त्यांच्या विचाराचे केंद्र: वस्तू पाहण्यात रस, कारणे शोधण्यात रस, सौंदर्यात रस, दुसऱ्या माणसाच्या सुखदुःखात रस, समाजात रस, आणि माणसाच्या पलीकडे जे आहे त्यात रस. आपण रस निर्माण करतो तो विषय शिकवता यावा म्हणून. हर्बार्ट यांच्या लेखी विषय शिकवायचा तो रस निर्माण व्हावा म्हणून, कारण ज्याला जगात अनेक गोष्टींची ओढ आहे तो माणूस सहसा क्षुद्र होत नाही. मुलांवर सतत पाळत ठेवण्याच्याही ते विरुद्ध होते. मुलगा मोठा व्हायचा तर त्याच्या बाबतीत जोखीम पत्करली पाहिजे, असे त्यांनी स्वच्छ लिहिले आहे. दाराशी कॅमेरे बसवलेल्या आजच्या शाळांच्या काळात हे वाक्य मला धीट वाटते.

१८०९ साली त्यांना प्रशियातल्या क्योनिग्सबेर्ग विद्यापीठाचे बोलावणे आले. ज्या आसनावर कांट हे थोर तत्त्वज्ञ बसले होते ते आसन. मोठ्या मानाची जागा होती, पण तिथे जाऊन त्यांनी तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानांबरोबर शिक्षकांसाठी एक अध्यापनवर्ग काढला आणि त्याला जोडून एक छोटी सराव शाळा चालवली. तिथे तरुण शिक्षक मुलांना शिकवत आणि मग त्यावर चर्चा होई. हर्बार्ट स्वतः गणित शिकवत. कांटच्या आसनावरचा प्राध्यापक मुलांना गणित शिकवतो, हे त्या काळी किती जणांना पटले असेल याची मी कल्पना करून पाहतो. १८११ साली त्यांनी मेरी ड्रेक या इंग्रज तरुणीशी लग्न केले. संगीत त्यांच्या आयुष्यात पहिल्यापासून होते; पियानोसाठी त्यांनी लिहिलेली एक रचना १८०८ साली छापली गेली होती.

क्योनिग्सबेर्गच्या चोवीस वर्षांत त्यांनी मानसशास्त्रावर पुष्कळ लिहिले, गणिताच्या सूत्रांनी मन मोजण्याचा प्रयत्न केला. ती समीकरणे आज कोणी सोडवत नाही आणि मलाही त्यांत गती नाही. पण त्यांतली एक कल्पना शिक्षकाने उराशी धरावी अशी आहे. स्मरणशक्ती, विचारशक्ती, कल्पनाशक्ती अशा स्वतंत्र शक्ती मनात खणाखणांत ठेवलेल्या नसतात, असे ते म्हणत. मन म्हणजे कल्पनांची गर्दी. काही कल्पना जाणिवेच्या उंबरठ्याच्या आत असतात, काही बाहेर ढकलल्या जातात आणि पुन्हा आत यायची वाट पाहतात. नवी कल्पना दाराशी आली, की आत आधीपासून असलेल्या कल्पना तिला ओळखतात का, यावर तिला जागा मिळणार की नाही हे ठरते. उंबरठा हा शब्द त्यांचाच. पाहुण्याला घरात कोणी ओळखीचे नसेल तर तो उंबऱ्यावरूनच परत जातो. टाचणवहीत ‘पूर्वज्ञान’ नावाचा जो एक ओळीचा रकाना असे, त्याचा उगम इथे आहे. आम्ही त्यात ‘विद्यार्थ्यांना पाण्याच्या अवस्था माहीत आहेत’ असे लिहीत असू. त्या मुलीच्या मनात मात्र पूर्वज्ञान म्हणून एक आटलेली विहीर होती, आणि माझा धडा तिने त्या विहिरीपाशी नेऊन ओळखीचा करून घेतला होता. हर्बार्ट मागच्या बाकावर असते तर त्यांनी तांबडी शाई उचलली असती असे मला वाटत नाही.

शिवाय एक गोष्ट मला आमच्या मार्गदर्शकांना सांगायला आवडली असती. हर्बार्ट यांचा गच्च भरलेल्या वर्गांवर आणि सरकारने एका साच्यात चालवलेल्या शाळांवर फारसा विश्वास नव्हता. १८१०च्या सुमाराच्या एका निबंधात त्यांनी असे सुचवले होते, की वैद्य जसे घरोघरी जातात तसे जाणते शिक्षक कुटुंबांकडे जावेत, थोड्या मुलांना शिकवावे, आणि शिक्षण हा घराच्या जवळचा व्यवसाय राहावा. ही योजना गरिबांच्या मुलांपर्यंत कशी पोचली असती याचे समाधानकारक उत्तर मला त्यात सापडत नाही, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला ही उणीव नजरेआड करता येत नाही. इंटरलाकेनच्या घरात तीन मुलांना एक शिक्षक मिळाला. माझ्या वर्गात बावन्न होती. पण त्या योजनेमागची भीती खरी होती. संख्या वाढली की मूल दिसेनासे होते, आणि मूल दिसेनासे झाले की तारतम्याला धरायला काही उरत नाही.

१८३१ साली तत्त्वज्ञ हेगेल वारले तेव्हा त्यांची बर्लिन विद्यापीठातली जागा आपल्याला मिळेल अशी हर्बार्ट यांना आशा होती. ती मिळाली नाही. १८३३ साली ते ग्योटिंगेनला परतले. त्यांच्या मागे क्योनिग्सबेर्गची सराव शाळा बंद पडली. १८३५ साली शिक्षणशास्त्रावरच्या व्याख्यानांची रूपरेषा त्यांनी छापली.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना हात जड होतो. १ नोव्हेंबर १८३७ रोजी, ग्योटिंगेन ज्या राज्यात होते त्या हॅनोव्हरचा नवा राजा एर्न्स्ट ऑगुस्ट याने राज्यघटना रद्द केली. ग्योटिंगेनच्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. त्यांत याकोब आणि विल्हेल्म ग्रिम हे भाऊ होते, भौतिकशास्त्रज्ञ वेबर होते. डिसेंबरात सातही जणांना बडतर्फ केले गेले आणि त्यांतल्या तिघांना राज्याबाहेर घालवण्यात आले. हर्बार्ट त्या वेळी तत्त्वज्ञान विद्याशाखेचे प्रमुख होते. ते त्या सातांबरोबर उभे राहिले नाहीत. विद्यापीठाच्या वतीने राजाकडे गेलेल्या शिष्टमंडळात मात्र होते. प्राध्यापकाने शिकवावे, राजकारणात पडून विद्यापीठाचा जीव धोक्यात घालू नये, अशी त्यांची भूमिका होती, आणि तिचे समर्थन करणारे त्यांचे टिपण त्यांच्या मृत्यूनंतर, १८४२ साली प्रसिद्ध झाले. अनेक विद्यार्थ्यांच्या मनातून ते उतरले.

मी हे प्रकरण दोनदा वाचले, कारण त्यांना सोडवायला काही सापडते का ते पाहायचे होते. संस्था टिकवण्याची काळजी खोटी नसते. ती मी शाळेत मुख्याध्यापक म्हणून केली आहे आणि त्या काळजीपोटी गप्प बसलोही आहे. पण ज्याने मुलांच्या बाबतीत जोखीम घ्या म्हणून लिहिले, जो नीतीचे बळ हाच शिक्षणाचा हेतू मानत होता, त्याने त्या नोव्हेंबरात सही केली असती तर त्याचे पुस्तक माझ्या हातात आज वेगळ्या वजनाचे लागले असते. तारतम्य हे नेहमी सावधपणाच्या बाजूला झुकते असे नाही. कधी कधी ते बोलायला लावते. हर्बार्ट यांना वर्गात हे कळत होते असे त्यांच्या लेखनावरून दिसते, आणि सभागृहात ते त्यांच्या हातून निसटले. त्यांच्याबद्दलचा माझा आदर यामुळे संपला नाही, पण तो आता पूर्वीसारखा निर्वेधही नाही.

१४ ऑगस्ट १८४१ रोजी ग्योटिंगेनमध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते शिक्षणशास्त्रज्ञ म्हणून फार प्रसिद्ध नव्हते. प्रसिद्धी नंतर आली आणि ती शिष्यांनी आणली. येनाला स्टॉय यांनी अध्यापनवर्ग आणि सराव शाळा चालवली. लाइपझिगला तुइस्कोन झिलर यांनी १८६०च्या दशकात हर्बार्ट यांचे विचार शाळेच्या अभ्यासक्रमात बसवायला घेतले. पहिल्या वर्षी परीकथा, दुसऱ्या वर्षी रॉबिन्सन क्रूसो, आणि बाकीचे विषय त्यांच्याभोवती, अशी त्यांची मांडणी होती. चारांपैकी पहिल्या अवस्थेचे त्यांनी दोन भाग केले: मुलाला आधीपासून काय माहीत आहे ते उकलणे आणि मग नवे देणे. चारांचे पाच इथे झाले. या दोघांकडे शिकलेले विल्हेल्म राइन आधी आयझेनाखला आणि मग येनाला होते. त्यांनी लोकशाळेच्या आठही वर्षांसाठी पाठांची पुस्तके सहकाऱ्यांसह लिहिली आणि पाच पदांना शाळामास्तरांना सहज कळतील अशी नावे दिली: तयारी, सादरीकरण, जोडणी, सारांश, उपयोजन. येनाला परदेशी शिक्षक येऊ लागले, अमेरिकेत १८९५ साली हर्बार्ट यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था निघाली, इंग्रजीत पाठ्यपुस्तके झाली, आणि त्या इंग्रजी पुस्तकांच्या वाटेने ही पदे आपल्याकडच्या अध्यापक विद्यालयांत येऊन मराठी पंचपदी झाली.

झिलर आणि राइन यांना दोष देणे सोपे आहे, पण मला ते अन्यायाचे वाटते. हजारो तरुण, अपुऱ्या तयारीचे, भरलेल्या वर्गांपुढे उभे केले जात होते. त्यांना धरायला एक कठडा हवा होता, आणि तो या दोघांनी दिला. पहिल्या वर्षी मलाही त्या कठड्याचा आधार झाला हे मी विसरत नाही. बावन्न मुलांसमोर पाय लटपटत असताना पुढची ओळ काय हे वहीत लिहिलेले असणे ही लहान गोष्ट नसते. अडचण झाली ती कठडा हाच रस्ता ठरला तेव्हा. पाचही पदे झाली म्हणजे पाठ झाला, हे एकदा ठरल्यावर मूल कुठे होते हे विचारण्याची गरज कोणालाच उरली नाही. ज्या माणसाने प्रसंग नेहमी एकटा असतो म्हणून सांगितले, त्याच्या नावाने सगळे प्रसंग एकसारखे आखले गेले.

परवा मी ती टाचणवही पुन्हा काढली आणि जलचक्राचा पाठ शोधला. तांबडी शाई अजून ठळक आहे. इयत्ता पाचवी, तुकडी ब, पट ५२, उपस्थिती ४७. इंटरलाकेनच्या त्या मुलांना सव्वादोनशे वर्षे होऊन गेली, तरी लुडविग, कार्ल आणि रुडोल्फ ही नावे मला माहीत आहेत, त्यांची वये माहीत आहेत, कारण त्यांच्या शिक्षकाने ती पत्रांतून लिहून ठेवली. मी पान दोन्ही बाजूंनी पाहिले, समासही पाहिला. विहिरीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे नाव कुठे लिहिलेले नाही. तिसरा बाक, खिडकीकडची बाजू, एवढेच मला आठवते.